पार्सल आपलं, मग पिन कशाला?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत बसल्यावर नेटवर्क गेलं आणि अर्ध्यातच राहिलं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जरा जास्तच पाल्हाळ लावलं होतं, ते थोडं कापलंय. बाकी जसं बोलले तसंच.

आजचा विषय आहे ऑनलाइन खरेदीतली फसवणूक. तुम्ही म्हणाल, हे तर पाठ झालंय, ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. मलाही पाठ होतं. मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या कॉलेजात सायबर जागरूकतेचं पोस्टर मी स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं. आणि त्याच आठवड्यात ८,६४० रुपये घालवून बसले.

झालं असं. आईसाठी मिक्सर मागवला होता. पार्सल होस्टेलवर आलं, उघडून पाहते तर चटणीच्या भांड्याला तडा. ॲपमध्ये बदलून घ्यायचं बटण समोर होतं. पण मला वाटलं, माणसाशी बोललं की काम लवकर होतं. म्हणून कंपनीचं नाव टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ असं सर्च केलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला म्हणून सांगू! ‘मॅडम, काळजी करू नका, रिफंड आत्ताच करून देतो.’ त्याने मला एक ॲप टाकायला लावलं, त्यातून त्याला माझी स्क्रीन दिसत होती. मग म्हणाला, यूपीआय उघडा, हा आयडी टाका, आता तुमचा रिफंड कोड टाका, आठ-सहा-चार-शून्य. मी टाकला. कुठे टाकला? रकमेच्या चौकटीत. मग पिन टाकला. झालं.

मिक्सर १,९०० चा होता.

त्यानंतर मी दोन दिवस कुणालाच काही बोलले नाही. बाबांनी नुकताच कापसाचा पहिला वेचा विकला होता आणि फीचे पैसे माझ्या खात्यात टाकले होते. कोणत्या तोंडाने सांगणार? आईचा फोन आला की ‘अभ्यास करतेय’ म्हणून ठेवून द्यायचे. रूममेटला वाटलं मला ताप आलाय. तिसऱ्या दिवशी तिनेच खोदून खोदून विचारलं आणि तिनेच १९३० लावून फोन माझ्या हातात दिला. तोवर उशीर झाला होता. पुढे पोलीस ठाण्यातल्या ताईंनी सांगितलं, पैसे त्याच संध्याकाळी दुसऱ्या खात्यात गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एटीएममधून निघाले होते. म्हणजे मी रडत उशीत तोंड खुपसून बसले होते, त्या पहिल्या काही तासांतच ते कुठेतरी अडवता आले असते.

घरी सांगितल्यावर बाबा एवढंच बोलले, ‘पैसे गेले त गेले, पर सांगतलं काहून नाही तुनं?’

म्हणून आज हा भाग. दोन गोष्टी बोलायच्या आहेत. फसवणारा आपल्याला नेमका कुठून कुठे नेतो, ही पहिली. आणि फसल्यावरच्या पहिल्या तासात काय करायचं, ही दुसरी.

आधी पहिली. माझ्या गोष्टीत परत एकदा बघा. मी ॲपच्या आत होते तोवर सगळं ठीक होतं. तिथे माझ्या ऑर्डरची नोंद होती, पैसे कोणाला गेले ते माहीत होतं, परत घ्यायची सोय होती. मी स्वतःहून तिथून बाहेर पडले, एका फोन नंबरवर गेले, आणि मग मला वाचवणारं कोणी उरलं नाही. तुम्ही ऐकलेल्या, वाचलेल्या दहा घटना आठवून बघा. ‘व्हॉट्सॲपवर बोलू’, ‘ही लिंक उघडा’, ‘हा कोड डायल करा’, ‘हे ॲप टाका’. दरवेळी कोणीतरी तुम्हाला दुकानातून उठवून गल्लीत नेतंय. बाजारात सराफाच्या गादीवर बसलेलं असताना कोणी येऊन ‘ताई, तिकडे बोळात या, स्वस्तात देतो’ म्हणालं तर आपण जाऊ का? फोनवर मात्र जातो.

स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपबद्दल एक सांगते. अशी ॲप वाईट नसतात, ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला रोज वापरतात. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या प्रकाराबद्दल सावध केलं होतं. म्हणजे मी ज्या सापळ्यात अडकले तो तेव्हाच जुना झाला होता. रिफंड द्यायला तुमची स्क्रीन कोणाला बघावी लागत नाही. पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत येतात.

आता पुलगावकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात पुलगावला सैन्याचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, त्यामुळे फौजी माणूस आपल्याला परका नाही. शेजारी राहतो, भाजी घ्यायला येतो, त्याच्याबद्दल मनात आदर असतो. देशभर गाजलेली एक युक्ती नेमकी या आदरावर चालते. जुन्या वस्तूंच्या साइटवर गाडी किंवा फ्रिज विकायला टाकलेला असतो. फोन केला की समोरचा सांगतो, मी आर्मीत आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात देतोय. लगेच व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड येतं. सगळे फोटो कोणातरी दुसऱ्याचे. मग गाडी ‘आर्मीच्या ट्रान्सपोर्टने’ येणार म्हणून आधी थोडे पैसे, मग विमा, मग गेटपास. प्रत्येक वेळी रक्कम अशी की वाटतं, एवढे भरले तर आता हेही भरून टाकू. गाडी काही येत नाही.

तुम्ही विकणारे असाल तर हाच ‘फौजी’ उलट्या बाजूने येतो. तुमचा टेबल न बघताच घेतो, भावही करत नाही. (भाव न करणारं गिऱ्हाईक आपल्याकडे? तिथेच शंका यायला पाहिजे!) मग म्हणतो, आर्मीच्या खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, मी क्यूआर कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.

इथे जरा थांबा. यूपीआय २०१६ पासून आहे, पण ही एक गोष्ट अजूनही अनेकांना नीट माहीत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. कोणत्याच बँकेत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. दुकानदाराला आठवा, त्याचा क्यूआर काउंटरवर चिकटवलेला असतो, तो दिवसभरात एकदा तरी पिन टाकतो का? पूर्वी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवूनही लोकांना फसवायचे, ‘पैसे आलेत, होय म्हणा’ असं सांगून. म्हणूनच एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला अशी मागणी पाठवायची सोय बंद केली. एक दार बंद झालं. क्यूआरचं दार उघडंच आहे.

आणखी एक. पिन टाकायच्या आधी ॲप समोरच्याचं बँकेतलं नाव दाखवतं. माझ्या स्क्रीनवरही आलं होतं, मोठ्या कंपनीच्या जागी कोणा एका माणसाचं नाव. मला ते दिसलं होतं, वाचलं नव्हतं.

बरं, आता गावाकडची गोष्ट. ही माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण यात फसतात ते आपले आई-आजी. पोरगं पुण्याला नोकरीला, घरी आजी एकटी. दारात पार्सल येतं, वर पोराचं नाव, पत्ता बरोबर, ‘कॅश ऑन डिलिव्हरी, ६९९ रुपये’. आजीला वाटतं नातवानेच मागवलं असेल, ती डब्यातले पैसे काढून देते. आत निघतं दहा रुपयांचं काहीतरी. आणणाऱ्या पोराचा बहुतेक वेळा यात काही हात नसतो, तो आपला दिवसभर उन्हातान्हात पार्सलं वाटतो, त्याच्यावर ओरडू नका. आमच्या घरी आता एक नियम केलाय. काही मागवलं की घरच्या ग्रुपवर लिहायचं, काय मागवलं आणि पैसे भरलेत की द्यायचेत. ग्रुपवर नसलेलं पार्सल घ्यायचं नाही. आई आता एवढी कडक झालीय की मी खरंच मागवलेली पुस्तकं एकदा परत पाठवली तिने.

डिलिव्हरीच्या ओटीपीचंही तेच. तो ओटीपी म्हणजे ‘वस्तू मिळाली’ अशी तुमची सही. महागडी वस्तू असेल आणि उघडून दाखवायची सोय असेल तर आधी उघडून बघा, मग आकडा सांगा. आणि पार्सल हातात नसताना कोणी फोनवर ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी द्या’ म्हणत असेल तर समजा, त्याला दुसराच कुठलातरी ओटीपी पाहिजे.

कुरिअरच्या नावाने अजून एक प्रकार चालतो. ‘डिलिव्हरी बॉयचा फोन लागत नाहीये, तुम्ही हा नंबर डायल करा’ म्हणतात, आणि तो सुरू होतो स्टार २१ किंवा स्टार ४०१ ने. हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. डायल केला की तुमचे येणारे फोन त्याच्याकडे जायला लागतात, फोनवरून ऐकवले जाणारे ओटीपीसुद्धा, आणि मग तुमचं व्हॉट्सॲपही जाऊ शकतं. चुकून केलं असेल तर बहुतेक नेटवर्कवर ##००२# डायल केल्यावर सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. आत्ता, वाचता वाचता करून बघितलं तरी चालेल. फक्त तुम्ही स्वतः फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल तर तेही निघेल.

मेसेजचं बघू. ‘तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा आहे, लिंकवर दुरुस्त करा नाहीतर परत जाईल.’ डाक विभागाच्या नावाने हा मेसेज इतका फिरला की पीआयबीला तो खोटा आहे असं जाहीर करावं लागलं. लिंक उघडली की हुबेहूब पोस्टाची साइट, आणि पत्ता बदलायला पाच-पंचवीस रुपये भरायचे. पाच रुपये कोणाला जड आहेत? त्यांना मात्र तुमच्या कार्डाचा नंबर हवा असतो. आता मेसेज ओळखायची एक सोपी खूण आलीय. ट्रायने २०२५ मध्ये नियम केला, त्यानुसार कंपन्यांच्या मेसेजच्या नावाशेवटी एक अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. साध्या दहा आकडी नंबरवरून ‘पोस्टाचा’ मेसेज आला तर तो पोस्टाचा नाही, एवढं धरून चाला.

आणि साइटचा पत्ता वाचायला शिका. आपण पाकिटावरचा पत्ता वाचतो तसा. पाकिटावर वर ‘गांधी चौक’ लिहिलेलं असतं, पण गांधी चौक तर गावोगावी आहे. पत्र कुठे जाणार ते शेवटचं गाव आणि पिनकोड ठरवतो. साइटचंही तसंच. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ च्या लगेच आधी जे नाव असतं तो मालक. मोठ्या कंपनीचं नाव त्याच्याही आधी, सुरुवातीला कुठेतरी असेल, किंवा मध्ये रेघ देऊन ‘ऑफर’, ‘सेल’ जोडलेलं असेल, तर तो नुसता गांधी चौक झाला. कुलपाच्या चित्रावर तर अजिबात जाऊ नका. कुलूप म्हणजे तुमचं बोलणं मध्ये कोणी ऐकत नाही इतकंच. पलीकडे चोर बसला असेल तर तुम्ही चोराशी अगदी खाजगीत बोलताय!

इन्स्टावरची दुकानं हा तुमचा-माझा प्रांत. तिथे खूप चांगली पोरं-पोरी धंदा करतात, हेही सांगितलं पाहिजे. पण पैसे आधी पाठवायच्या आत दोन मिनिटं द्या. प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडलं की खातं कधी सुरू झालं, कोणत्या देशातून चालतं आणि आधी त्याचं नाव काय होतं हे बऱ्याचदा दिसतं. काल मीम टाकणारं पेज आज बूट विकत असेल तर समजून घ्या. कमेंट बंद, पत्ता नाही, ‘फक्त प्रीपेड’, आणि किंमत चारशेची जागा शंभर. एवढं एकत्र दिसलं की मी तरी निघते.

कधी पैसे लुटत नाहीत, मालच खोटा देतात. आपण वर्ध्याचे, म्हणून खादीचं उदाहरण देते. २०२० मध्ये खादी आयोगाने नोटिसा पाठवल्यावर मोठ्या शॉपिंग साइटवरून ‘खादी’ नावाने भलताच माल विकणाऱ्या दीडशेहून जास्त लिंक काढाव्या लागल्या. खऱ्या खादीवर खादी मार्क असतो. आणि खरं सांगू, मगन संग्रहालय १९३८ पासून आपल्याच गावात उभं आहे, तिथे जाऊन हाताने सूत कसं काततात ते बघून आलं की स्क्रीनवरचा २९९ चा ‘हँडस्पन’ कुर्ता बघून हसू येतं.

असा खोटा किंवा खराब माल आला आणि कंपनी दाद देत नसेल तर हे प्रकरण पोलिसांपेक्षा ग्राहक कायद्याचं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक शॉपिंग साइटला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची. नाही काढली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्ही वर्ध्यात राहत असाल तर वर्ध्याच्या आयोगात तक्रार करू शकता, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. २०१९ च्या कायद्यातली ही सगळ्यात कामाची गोष्ट.

आता दुसरी गोष्ट. फसलोच, तर?

आधी १९३०. रडणं नंतर, स्वतःला शिव्या देणं नंतर, आईला काय सांगू हेही नंतर. हा नंबर लागला की तुमची तक्रार एका अशा यंत्रणेत जाते जिला बँका आणि पेमेंट कंपन्या जोडलेल्या आहेत. तुमचे पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच निरोप जातो. पैसे तिथे असतील तर ते अडवून ठेवतात. पुढे सरकले असतील तर निरोप पुढच्या बँकेकडे. म्हणजे चोराचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात धावतायत आणि त्यांच्या मागे तुमची तक्रार धावतेय. पैसे एटीएममधून नोटा होऊन निघाले की शर्यत संपली. म्हणून दहा मिनिटं आणि दोन दिवस यांत इतका फरक पडतो.

फोन करताना हाताशी ठेवा: बँकेचं नाव, किती रुपये, किती वाजता, आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, जो यूपीआयच्या इतिहासात दिसतो. चॅट डिलीट करू नका. लाजेने करावंसं वाटतं, मी केलं होतं, आणि पुरावाच गेला. लाइन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

त्याच वेळी बँकेलाही कळवा, आणि कळवल्याचा नंबर मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि तुमची काही चूक नसताना, बँकेचीही नसताना, तिसऱ्याच कुठेतरी गडबड होऊन पैसे गेले, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. दोन्हीकडे घड्याळ तुमच्या कळवण्यावर चालतं. मात्र अडवलेले पैसे लगेच खात्यात येत नाहीत, कधी कोर्टाचा आदेश लागतो, पाठपुरावा करावा लागतो.

एक गोष्ट होस्टेलवाल्यांसाठी. माझे पैसे ज्या खात्यातून फिरले ते खातं कोणाचं असेल? बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्याच कोणाचं. ‘तुझं खातं दे, नुसते पैसे येतील-जातील, महिन्याला चार-पाच हजार तुला’ असं म्हणणारे लोक कॉलेजच्या पोरांकडेच येतात. देऊ नका, मित्राने मागितलं तरी देऊ नका. तक्रार झाली की खातं गोठतं तुमचं आणि पोलीस दारात येतात तुमच्या. खरा माणूस कुठल्या कुठे असतो.

मिक्सरचं काय झालं, हे तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगते. महिनाभर मी त्या खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग रूममेटने माझ्या फोनवर ते ॲप उघडलं, आणि मुदत संपायला एक दिवस असताना तेच बटण दाबलं, जे मी पहिल्या दिवशी दाबलं नव्हतं. पाच दिवसांत नवीन भांडं आलं. कोणाला फोन करावा लागला नाही. आई त्यात जवसाची चटणी वाटते आणि दरवेळी म्हणते, ‘साडेदहा हजाराचा मिक्सर आहे बाई, सांभाळून वापर!’

भेटू पुढच्या भागात.